आम्ही दोघंच

घर पाहायला गेलं की माझा नवरा आधी नळ सोडतो. मग दाराची कडी लावून पाहतो, खिडकीतून कोण दिसतं ते पाहतो आणि शेवटी भिंतीला पाठ टेकवून हातांनी खोली मोजतो. तोवर घरमालकिणीशी बोलायचं काम माझं. ही वाटणी आम्ही कधी ठरवली ते आठवत नाही, पण लग्नाच्या आठ वर्षांत आम्ही असली बरीच बिऱ्हाडं केली होती आणि दोघांचाही हात त्यात चांगला बसला होता. अर्ध्या दिवसात सामान लागायचं, अर्ध्या दिवसात निघायचं.

आमचं कामच तसं होतं. नागपूरच्या एका लहानशा कंपनीकडून आम्ही कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर बसवायला जायचो. तो तारा ओढायचा, यंत्रं जोडायचा, आणि मी तिथल्या बाबूलोकांना शिकवायचे. पन्नाशीला टेकलेले टाइपिस्ट माऊसला असा हात लावायचे, जणू तो चावणार आहे. ते शिकेपर्यंत आम्ही त्या गावात, शिकले की पुढच्या गावात. बालाघाट, छिंदवाडा, रायपूर, बिलासपूर. कुठे तीन महिने, कुठे चार, फार तर सहा. हॉटेलात राहणं परवडायचं नाही आणि मला सोसायचंही नाही, म्हणून दर वेळी खोल्या शोधायच्या.

थोड्या दिवसांसाठी खोली देणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं. बॅचलर नको, कारण ते बिघडलेले. लेकरं नको, कारण ती घर बिघडवतात. मधे उरतं ते नुसतं जोडपं. सुरुवातीला एकदोन गावांत मी खरं सांगून पाहिलं, की आम्हाला एक मुलगी आहे, पण ती नागपूरला असते. तर पुढचा प्रश्न यायचा, "पण मग येईलच ना कधीतरी?" आणि हसत हसत दार लागायचं. पुढे मी ते सांगणं सोडलं. कोणी विचारलं की म्हणायचे, आम्ही दोघंच. सोपं वाक्य आहे, पटकन म्हणून होतं.

मुलगी माझ्या जाऊबाईंकडे होती, दोन वर्षांची असल्यापासून. जाऊबाईंनी तिचं काहीच कमी केलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं मी त्यांच्यावर खापर फोडणार आहे. आम्ही महिन्यातून एकदा जायचो, खाऊ न्यायचो, दोन दिवस राहून परत. रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून फोन. जाऊबाईंना ती मोठी आई म्हणायची आणि मला आई. बिलासपूरला असताना एका रविवारी मी तिला फोनवर विचारलं, तुला लाल फ्रॉक आणू की पिवळा. ती म्हणाली, "थांब हं, आईला विचारते." आणि रिसीव्हर ठेवून ती आत पळाली. मोठी हा शब्द कधी गळून पडला होता कोण जाणे. मी बूथमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभी होते आणि काचेबाहेरचा माणूस घड्याळ दाखवत होता.

त्यानंतर लगेचच जबलपूरचं काम आलं, आणि ते वर्षाचं होतं. वर्ष म्हणजे शाळेची एक अख्खी इयत्ता. मुलगी सहाची झाली होती, पहिलीत जायची होती. मी नवऱ्याला म्हटलं, या खेपेला चांगलं घर पाहायचं आणि जूनमध्ये तिला आणायचं. तो म्हणाला, आणू की. त्याचं हे 'आणू की' मला पटत नसे. त्याच्या बोलण्यात घाई कधीच नसायची आणि माझ्या अंगात घाईशिवाय दुसरं काही नसायचं. पण मनाशी मी पक्कं केलं, की या गावात घर मागताना पहिलं वाक्य मुलीचं बोलायचं. जे काय व्हायचं ते उंबऱ्याबाहेरच होऊन जाऊ दे.

मार्च संपत आला होता. आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. दिवसभर कचेरी, आणि पाच वाजले की घर पाहायला बाहेर.

पहिलं घर अधारतालला, मेन रोडच्या एका दुकानावर. खोल्या प्रशस्त, हवा भरपूर. मी ठरल्याप्रमाणे पहिलं वाक्य मुलीचं बोलले. दुकानदार चेहरा पाडून नवऱ्याला म्हणाला, "बच्ची है? फिर तो नहीं हो पाएगा भैया. हमारे पिताजी को शोर नहीं जमता." पिताजी आतल्या खोलीत रेडिओ इतका मोठ्यानं लावून बसले होते, की हे वाक्य त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुसऱ्या घरी नुकताच रंग दिला होता. नव्या रंगाच्या घरात लेकरू म्हणजे त्या बाईंना साक्षात संकट वाटलं. तिसऱ्या घरी चालेल म्हणाले, पण नळ गल्लीच्या तोंडाशी होता, पहाटे पाणी यायचं आणि भांडणं आधी यायची. चौथ्या घरीही चालेल म्हणाले, पण संडास अंगणाच्या पार टोकाला, साऱ्या वाड्याला मिळून एक. ज्या घरांना मुलगी चालायची ती मला चालेनात, आणि जी मला चालायची त्यांना मुलगी चालेना. पंधरा दिवसांत आम्ही तेरा घरं पाहिली.

नवरा रोज लॉजवर येऊन पडला की म्हणायचा, "जमेल." मी खोलीत येरझाऱ्या घालायचे. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, तुझं हे जमेल बंद कर, मला त्याचा राग येतो. तो म्हणाला, राग घरांचा आहे, माझ्यावर का काढतेस. खरंच होतं ते, म्हणून आणखी राग आला.

चौदावं घर कचेरीतल्या एका बाबूंनी सुचवलं. विजय नगरमध्ये एक मराठी बाई एकट्या राहतात, वरचा मजला रिकामा आहे. त्यांचा नवरा डिफेन्सच्या फॅक्टरीत होता, तो वारला. लेकी लग्न होऊन परगावी गेल्या. आम्ही गेलो तेव्हा बाई फाटकाशी उभ्या राहून पेरूच्या झाडाला पाणी घालत होत्या. आमचं मराठी ऐकून त्यांनी बादली खाली ठेवली आणि स्वतः पुढे होऊन जिना चढल्या. गुडघे दुखत होते तरी चढल्या.

दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, पुढे गॅलरी. गॅलरीतून समोरचं मैदान दिसत होतं आणि मैदानापलीकडे एक शाळा. पाचसहा मिनिटांची वाट, मधे मोठा रस्ता नाही. नवऱ्यानं नळ सोडला. पाणी असं आलं की त्यानं माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. मग तो भिंतीला पाठ टेकवून हात पसरून उभा राहिला. मी खिडकीखाली मुलीचं दप्तर ठेवूनसुद्धा दिलं मनातल्या मनात. या पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या पायांना थांबावंसं वाटलं.

"कुठले जी तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"नागपूरचे."

"अच्छा. आमचं भंडाऱ्याकडचं. इथं येऊन आता जमाना झाला. माझ्या लेकी मराठी बोलतात, पण नातवंडं हिंदीतच सुरू होतात. चलो, ठीक आहे." मग त्या गॅलरीकडे पाहून म्हणाल्या, "लेकरं-बाळं?"

"नाही जी," मी म्हटलं. "आम्ही दोघंच."

मी हे का म्हटलं याचा मी नंतर फार विचार केला. ठरवून म्हटलं असतं तर मला स्वतःचा इतका राग आला नसता. पण घर आवडलं होतं, प्रश्न आला, आणि इतक्या गावांत घासून घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. खोली मोजणारे नवऱ्याचे हात भिंतीवर तसेच राहिले. ज्या मुलीसाठी घर पाहत होतो, तिलाच वजा करून मी घर मिळवलं.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "राहा बाई," त्या म्हणाल्या. "मला मावशी म्हण."

रस्त्यावर आल्यावर नवरा म्हणाला, "आता?"

"उद्या सांगते."

"सांग," तो म्हणाला. घरमालकिणीशी बोलणं हे माझं खातं, त्यात तो पडत नसे.

उद्या सामान लावण्यात गेला. परवा मावशींनी वांग्याचं भरीत पाठवलं. ज्या बाईचं भरीत खाल्लं तिला दुसऱ्याच दिवशी कसं सांगायचं, म्हणून आणखी एक दिवस थांबले. मग रोज काहीतरी यायला लागलं. पाटवडीचा रस्सा, सांडगे, आंब्याचं रायतं. आणि एके दिवशी डिंकाचे लाडू. ऐन एप्रिलच्या उन्हाळ्यात डिंकाचे लाडू कोण करतं. मावशी म्हणाल्या, "रोज एक खात जा. अंगात ताकद पाहिजे. आठ वर्षं म्हणजे काही फार नाही बाई, माझ्या नणंदेला तर अकराव्या वर्षी झालं." मी डबा हातात घेऊन उभी राहिले. वर येऊन मी नवऱ्याला ते सांगितलं, तर तो लाडू खात खात म्हणाला, "आता जितका उशीर करशील तितकं अवघड होईल." हे सांगायला त्याची गरज नव्हती.

मावशी जुन्या वळणाच्या होत्या. एकदा त्यांनी चहाला साखर मागितली आणि मी म्हटलं, साखर नाही हो आज, संपली. त्यांनी लगेच जीभ चावली. "नाही म्हणू नये, बाई. अन् संपली तर म्हणूच नये. वाढली म्हणावं. घर ऐकून राहते." आमच्या माहेरी माझी आजी असंच म्हणायची आणि आम्ही भावंडं तिची नक्कल करून हसायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. घर ऐकतं, तर या घरानं माझ्या तोंडून सगळ्यात आधी काय ऐकलं होतं, ते मला माहीत होतं.

मे महिना असा गेला, की मी एका जागी म्हणून बसले नाही. ट्रंकांच्या जागा बदलल्या, परत बदलल्या. गॅलरीत जायचे, मैदानापलीकडची शाळा पाहायचे, आत यायचे. कचेरीत एक म्हातारे बाबू तिसऱ्यांदा फाइल सेव्ह करायला विसरले तर मी त्यांच्यावर इतकी ओरडले, की सगळी खोली गप्प झाली. नंतर जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "कोई बात नहीं दीदी, घर में सब ठीक है ना?" मावशीही खालून हाक मारून म्हणायच्या, "किती फिरून राहिली वर? पायाला भिंगरी लागली काय?"

शाळेचा फॉर्म मी आणला तो मागच्या गल्लीनं जाऊन, म्हणजे मावशींना दिसू नये. त्यावर पत्ता याच घराचा लिहिला. शाळेनं सांगितलं, जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला घेऊन या. बाजारातून एक पाण्याची बाटली आणली, गळ्यात अडकवायचा पट्टा असलेली, आणि ती ट्रंकेमागे लपवली. चोरीचा माल लपवावा तशी. आपल्या लेकराची बाटली आपण का लपवतो आहोत, असं मनात आलं आणि रडू आलं, पण तरीही बाटली तिथंच ठेवली. भीती साधी होती. मावशींनी निघा म्हटलं, तर जूनमध्ये दुसरं घर कुठून आणायचं. घर गेलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की ती सात वर्षांची होणार होती, जाऊबाईंना आई म्हणत.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी मावशी सकाळीच वर आल्या. नवी साडी, हातात पिशवी. म्हणाल्या, "चल, तिलवाऱ्याच्या घाटावर जायचं आहे. कचेरीत सांग, उशिरा येते म्हणून. तुझ्यासाठीच चालली."

टेंपोत बसून मी त्या पिशवीकडे पाहत होते. वरून नारळाची शेंडी दिसत होती, खाली हिरव्या खणाची घडी. काय चाललं आहे ते मला कळलं होतं. तिलवाऱ्याच्या पुलावरून नागपूरकडे जाणाऱ्या बसगाड्या दिसत होत्या. त्याच रस्त्यावर पुढे, सहासात तासांवर, माझी मुलगी यावेळी दूध पीत असेल असं मला वाटलं. घाटावर फार गर्दी नव्हती. नर्मदेचं पाणी उन्हाळ्यानं उतरलं होतं आणि खालच्या पायऱ्या हिरव्या बुळबुळीत झाल्या होत्या. मावशी माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. मी त्यांना धरायला हवं होतं, त्यांनीच मला धरलं.

त्यांनी नारळ माझ्या ओंजळीत दिला. "डोळे मीट अन् माग," त्या म्हणाल्या. "मीही मागते तुझ्यासाठी. नर्मदामाई कोणाला रिकामं पाठवत नाही." आणि त्यांनी स्वतःचे डोळे मिटून घेतले. ओठ हलायला लागले.

माझ्यासाठी कोणीतरी मनापासून मागत होतं, आणि जे मागत होतं ते मला सहा वर्षांपूर्वीच मिळालं होतं. ते मला बघवेना.

"मावशी," मी म्हटलं, "मला मुलगी आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"सहा वर्षांची आहे. नागपूरला जाऊबाईंकडे असते. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. घर मिळत नव्हतं म्हणून. लेकरू असलं की कोणी घर देत नाही."

मावशी खालच्या पायरीवर बसल्या. मी नारळ धरून उभीच होते, त्याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

"मी काहून विचारलं होतं, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "गॅलरीचा कठडा ठेंगणा आहे. लेकरू असेल तर आधी जाळी लावून घ्यावी म्हणून विचारलं. घर द्यायचं तर मी तुम्ही जिना चढायच्या आधीच ठरवलं होतं."

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"माझ्याशी खोटं बोलली ते जाऊ दे. घरासाठी माणूस बोलते. पण जित्या लेकराला नाही म्हणाली तू. जीभ नाही अडखळली?"

"नाही अडखळली, मावशी," मी म्हटलं. "तेच तर. सवय झाली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्या उठल्या. "हा नारळ आता मागायचा नाही राहिला. पोरीच्या नावानं सोड," त्या म्हणाल्या आणि मागे न पाहता पायऱ्या चढायला लागल्या. मी नारळ पाण्यात सोडला. तो थोडा पुढे गेला आणि परत पायरीशी आला, मग पायानं ढकलावा लागला. येताना टेंपोत मावशींनी पिशवी आमच्या दोघींच्या मधे ठेवली. खण पिशवीतच राहिला.

दोन दिवस खालून काही आलं नाही, हाकही नाही. मी नवऱ्याला म्हटलं, ट्रंका बांधू या. तो म्हणाला, बांधायला काय, अर्धा दिवस लागतो, थांब. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर गॅलरीत दोन माणसं वेल्डिंग करत होती. कठड्यावर माझ्या खांद्याएवढी जाळी लागली होती. मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांना हिंदीत दटावत होत्या, की टोकं घासून गुळगुळीत करा, लेकराच्या हाताला लागतील. न्हाणीघराच्या दाराला जुन्या कडीच्या खाली हातभर अंतरावर एक दुसरी कडी बसवलेली होती. त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारलं, "कधी आणून राहिली?"

"या रविवारी."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तिला भाकरी आवडते की पोळी?"

मी म्हटलं पोळी. खरं तर मला नक्की ठाऊक नव्हतं.

तिला आणायला मी एकटी गेले. जाऊबाईंनी तिची बॅग भरून ठेवली होती, प्रत्येक फ्रॉकला इस्त्री. त्या रडल्या, मी रडले, मुलगी मात्र रडली नाही. ती शहाण्यासारखी बसमध्ये खिडकीशी बसली. वाटेत मी तिला शाळेचं सांगितलं, मैदानाचं सांगितलं, पेरूच्या झाडाचं सांगितलं. तिनं विचारलं, "किती दिवस राहायचं?" मी म्हटलं, आता राहायचंच आहे, तुझं घर आहे ते. तिनं मान हलवली. मला वाटलं तिला समजलं. शिवनीच्या पुढे ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, काही न हलता, एका जागी बसून राहिले. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी हलले नाही.

विजय नगरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नवरा कोपऱ्यापर्यंत घ्यायला आला होता, त्यानं बॅग घेतली. मावशी फाटकाशी उभ्या होत्या. एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. घाटावरची तीच नवी साडी नेसल्या होत्या. मुलगी समोर आली तशी त्यांनी तुकडा तिच्यावरून ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि वाकून, चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेऊन लाडानं विचारलं, "कोण आलं बाप्पा माझ्या घरी? कोणाची गं तू?"

मुलीनं माझा हात सोडला. फ्रॉक नीट केला आणि पाय जुळवून सरळ उभी राहिली.

"मी भाची आहे," ती म्हणाली. "चार दिवसांसाठीच आले. मी आवाज नाही करत, भिंतीवर नाही लिहीत, अन् पाणीपण कमी सांडते."

मावशी वाकल्या होत्या तशाच राहिल्या. नवऱ्यानं बॅग खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी रायपूरला ती दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे आली होती, तेव्हा तिथल्या घरमालकासाठी हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. खेळ म्हणून शिकवलं होतं, आणि न चुकता म्हटलं की एक बत्तासा द्यायचे. मी ते विसरूनही गेले होते. ती चार वर्षांची होती, तिनं जपून ठेवलं होतं.

सगळं बरोबर म्हणून झालं, आणि मग शाबासकीसाठी तिनं माझ्याकडे पाहिलं.